काठापदराचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी याद्या निघू लागतात. कार्यालय, आचारी, भटजी, पत्रिका, आहेर असे एकेक कलम लिहिले जाते आणि त्यांच्यापुढे आकडे मांडले जातात. या यादीतील एक कलम मात्र असे असते, की त्याच्यापुढे आकडा लिहिण्याचा धीर कोणालाच होत नाही. ते म्हणजे नवरीचा शालू. "ते पुढे पाहू," असे म्हणून त्या जागी रेघ ओढली जाते. पुढे त्याच रेघेवरून सगळ्या यादीचा तोल जातो.

अशाच एका रेघेची हकीगत आज मी सांगणार आहे. गोष्ट आमच्या घरातीलच आहे, पण ती अनेक घरांत घडते म्हणून सांगण्यासारखी वाटते.

माझी बहीण इंदूरला असते. तिचे यजमान एका शाळेत शिक्षक होते आणि आता निवृत्त झाले आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. मुलगी हट्टी नाही, स्वतः मिळवती आहे. तरीही एका संध्याकाळी तिने मला मोबाइलवरचे एक छायाचित्र दाखवले आणि हळूच विचारले, "मावशी, हे असे काही मला शोभेल का गं?" एका नामांकित डिझायनरने तयार केलेली ती साडी होती. किंमत वाचली आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. कार्यालयाचे दोन दिवसांचे भाडे आणि पहिल्या पंगतीचा खर्च त्या एका वस्त्रात सामावला असता.

मुलीने विषय तेथेच सोडला. पण भिंतीला कान असतात म्हणतात ते खोटे नव्हे. दुसऱ्या दिवशी भावोजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बँकेतली एक ठेव मुदतीआधी मोडावी म्हणतो. एकुलती एक मुलगी आहे. तिच्या मनात राहू नये." ती ठेव त्यांनी स्वतःच्या आजारपणासाठी राखून ठेवलेली होती. मी त्यांना म्हटले, "भावोजी, मला आठ दिवस द्या. ठेव तोपर्यंत मोडू नका."

प्रथम मी मुलीला पुन्हा ते छायाचित्र काढावयास सांगितले आणि विचारले, "यात तुला नेमके काय आवडले?" ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अंग अगदी साधे आहे. एकही बुट्टी नाही. सगळे लक्ष काठाकडे आणि पदराकडे जाते. आणि रंग जुन्या साड्यांसारखा आहे, भडक नाही." म्हणजे पाहा, तिला आवडलेल्या तीन गोष्टींत त्या डिझायनरचे नाव कोठेच नव्हते. साधे अंग, भारी काठपदर आणि मुरलेला रंग, एवढेच तिला हवे होते. आणि हे तर आपल्याकडील विणकरांचे शेकडो वर्षांचे शास्त्र आहे!

आपल्या आसपासची जुनी वस्त्रे नीट पाहिली तर असे दिसते, की पैसा बेताचा आणि हौस मोठी हे कोडे आपल्या विणकरांनी फार पूर्वीच सोडवून ठेवले आहे. गदवालची साडी घ्या. तिचे अंग सुती असते आणि काठपदर रेशमी. अंगाला थंडावा मिळतो आणि डोळ्यांना रेशीम दिसते. बागलकोट जिल्ह्यातील इलकल, म्हणजे आपल्या बायका जिला इरकल म्हणतात ती, हीसुद्धा तशीच. तिच्या पदराचे उभे रेशमी धागे निराळे असतात. ते अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडतात आणि मग पदर विणतात. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि हैदराबाद येथील हिमरू म्हणजे किनखापाचा थाट आणणारे, पण सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणातून केलेले कापड. यांतील कोणत्याही वस्त्राला कोणी नकली म्हटले नाही. जेथे दिसते तेथे रेशीम आणि जेथे झिजते तेथे सूत, हा त्यांतील सरळ हिशेब होता. त्याला मी काठापदराचा हिशेब म्हणते.

आता वस्त्राच्या किमतीत कशाकशाचे पैसे असतात ते पाहू. ते कळल्याशिवाय कोठे कात्री लावावी हे कळत नाही. रेशमाचे पैसे, जरीचे पैसे, हाताच्या मजुरीचे पैसे आणि शेवटी दुकानाच्या व नावाच्या लौकिकाचे पैसे, असे चार भाग आपण धरू.

जरीचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. खरी जरी म्हणजे चांदीची तार रेशमी धाग्यावर गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात तार तांब्याची असून तिच्यावर चांदीचा पातळ थर असतो. तिसरा प्रकार म्हणजे प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची जरी. ती हलकी असते, काळी पडत नाही आणि अर्थात स्वस्तही असते. तिन्ही बाजारात मिळतात आणि तिन्हींना दुकानदार "जरी" असेच म्हणतो. म्हणून "जरी कोणती?" हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलाच पाहिजे आणि उत्तर पावतीवर लिहून घेतले पाहिजे.

हा प्रश्न न विचारल्यामुळे आम्ही एकदा फसता फसता वाचलो. एका मोठ्या गावातील दुकानात आम्हांला एक पैठणी दाखवण्यात आली. हातमागाची आहे, भाव खास तुमच्यासाठी उतरवला आहे, असे गोड बोलणे चालले होते. मुलीचे डोळे चमकले. तेवढ्यात माझ्या बहिणीने पदर उलटा केला. मागच्या बाजूला एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत मोकळे धागे लोंबत होते. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगासाठी निराळी बारीक कांडी असते. त्या त्या रंगाचा आडवा धागा आपल्या जागेपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. त्यामुळे पदर सुलटा कोणता आणि उलटा कोणता हे चटकन ओळखता येत नाही. मागे मोकळे धागे किंवा ते झाकण्यासाठी लावलेली जाळी दिसली, तर ती पैठणी त्या पद्धतीने विणलेली नाही असे समजावे. आम्ही साडीची घडी परत केली आणि नमस्कार करून बाहेर पडलो.

यंत्रावर विणलेली साडी घेण्यात काहीच कमीपणा नाही, हे मात्र मी आवर्जून सांगते. ती यंत्राची म्हणून, यंत्राच्या भावाने घ्यावी. यंत्राच्या साडीला हाताच्या मजुरीचे पैसे मोजणे, हा तोटा. शुद्ध रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये सिल्क मार्क सुरू झाला. 2006 पासून हातमागाच्या कापडासाठी हँडलूम मार्क आहे. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही चिन्हे पाहावीत. शिवाय पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा दुकानदाराच्या परवानगीने जाळून पाहता येतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते.

दुकान सोडून आम्ही घरी आलो ते हिरमुसूनच. मुलीच्या आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, झोपाळ्यावर बसून आमची हकीगत ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, आपली जुनी ट्रंक उघडली आणि मऊ मलमलीत गुंडाळलेली एक साडी काढून नातीच्या मांडीवर ठेवली. तो त्यांच्या स्वतःच्या लग्नातला नऊवारी शालू होता. बोहारीण दारावर येई तेव्हा "जुनी जरी असेल तर द्या, मोठे पातेले देते," असे म्हणे. कारण खऱ्या जरीची साडी जाळली की तिच्यातून चांदी निघते. अशी कितीतरी घरांतील लग्ने पातेल्यांच्या मोबदल्यात गेली. आजींनी मात्र शालू दिला नव्हता.

उघडून पाहिले तर अंग घडीघडीवर विरलेले, हात लावताच फाटणारे. पण काठ आणि पदर शाबूत होते. जरी थोडी काळवंडली होती, एवढेच. आजी म्हणाल्या, "याचे अंग गेले, माझ्यासारखेच. काठ तेवढा बघा काही उपयोगाचा असला तर."

तेथेच आमचे कोडे सुटले. नऊवारीची लांबी साधारण सव्वाआठ मीटर असते आणि आजच्या साडीला साधारण साडेपाच मीटर पुरतात. म्हणजे दोन्ही काठांतून विरलेले तुकडे वगळूनही नव्या साडीला पुरेल इतका काठ हाती होता आणि पोलक्याच्या बाह्यांनाही उरत होता. आता हवे होते ते फक्त नवे, साधे अंग.

इंदुरापासून महेश्वर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर आहे. देवी अहिल्याबाई होळकरांनी तेथे राजधानी नेली, विणकर आणून वसवले आणि नर्मदेच्या घाटावर माग चालू लागले. मधल्या काळात तो धंदा अगदी मोडकळीस आला होता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटीसारख्या संस्थेच्या प्रयत्नाने तो पुन्हा उभा राहिला. महेश्वरी साडीत पुष्कळदा उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असतो. लहर, चटई, वीट, हिरा अशी घाटावरच्या दगडांत दिसणारी नक्षी तिच्या काठांवर असते. आम्ही एका विणकराच्या घरी गेलो. त्याला आजींचा काठ दाखवला आणि त्याच्याशी जुळेल अशा डाळिंबी रंगाचे, बुट्टी नसलेले, किंचित जाड पोताचे अंग विणून मागितले. पोत जाड मागण्याचे कारण असे, की भारी जरीचा काठ फार तलम कापडाला लावला तर कापड ओढले जाते.

विणकराने मजुरी सांगितली. माझी बहीण सवयीने म्हणाली, "थोडे कमी नाही का होणार?" तो नम्रपणे म्हणाला, "ताई, काम कमी सांगा, दाम आपोआप कमी होईल." श्रोतेहो, हे वाक्य मी त्याच दिवशी मनात बांधून आणले. काटकसर करावयाची तर ती कामात करावी, कारागिराच्या मजुरीत नव्हे. बुट्ट्या कमी करा, काठ अरुंद सांगा, पदर आखूड ठेवा. अरुंद काठाची आणि साध्या अंगाची साडी मागावरून लवकर उतरते आणि भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात. किमतीतला फरक तेथून येतो. मजुरी पाडून घेतलेल्या साडीत जे वाचते ते कोणाच्या तरी चुलीतून काढलेले असते आणि तशी साडी शुभकार्याला नेसू नये असे मला वाटते.

अंग विणून आल्यावर इंदूरच्याच एका रफूगाराने आजींचा काठ आणि पदर त्यावर चढवून दिले. या कामात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुना काठ आधी उजेडासमोर धरून पाहावा. बारीक छिद्रे दिसली किंवा हलक्या हाताने ताणताच धागे सुटले, तर तो काठ साडीला लावू नये. त्याचा शेला किंवा पोलके करावे, कारण त्यांच्यावर ताण पडत नाही. दुसरे असे, की काठाखाली मलमलीची पट्टी अस्तर म्हणून घ्यावी, म्हणजे वजन तिच्यावर येते. तिसरे म्हणजे जरी उजळण्यासाठी घरगुती आंबट पदार्थ किंवा पावडरी लावू नयेत. जुन्या जरीचा मंद रंग हाच तिचा दागिना असतो. लग्नानंतर साडी मलमलीत गुंडाळून ठेवावी, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी. आजींच्या शालूचे अंग घडीवरच विरले होते, हे त्यावरून शिकावे.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या ट्रंकेत कोठे असा शालू असतो? खरे आहे. पण काठापदराचा हिशेब शालूवाचूनही करता येतो. महाराष्ट्राबाहेर राहणारी आपण मंडळी लग्नाची साडी म्हटली की पुण्या-मुंबईकडे किंवा येवल्याकडे पाहतो. वस्तुतः आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिसरात एकेक माग आहे. ग्वाल्हेरच्या मंडळींना चंदेरी परकी नाही. 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या तलम वस्त्राला शिंदे घराण्याचा आश्रय होता. बेळगावकरांना इलकल जवळ आहे, आणि खरेदीसाठी घाट चढून बेळगावला येण्याची गोमंतकातील कुटुंबांनाही सवय आहे. हैदराबादकरांना गदवाल आहे. बडोद्याच्या मंडळींना पाटणचे पटोळे खुणावते, पण त्यात उभे आणि आडवे दोन्ही धागे आधी रंगवलेले असतात, म्हणून ते फार महाग पडते. राजकोटच्या पटोळ्यात एकाच दिशेचे धागे तसे रंगवलेले असतात आणि किंमत पुष्कळ खाली येते. जवळच्या मागावरून घेतलेल्या साडीत वाटेतील हातांचे पैसे वाचतात आणि रंगाविषयी विणकराशी स्वतः बोलता येते. मात्र साखरपुडा झाल्याबरोबर विणकराकडे जावे. मुहूर्त महिन्यावर आला की माणूस वाटेल तो भाव कबूल करतो.

आणखी एक व्यावहारिक सूचना. खरेदीला निघण्यापूर्वी एकच आकडा कागदावर लिहावा. त्यात साडी, पोलक्याची शिलाई, फॉल-पिको, जाण्यायेण्याचा खर्च, सगळे धरावे. दुकानात शिरल्यावर आकडा ठरवणारा माणूस नेहमी दुकानदाराचाच आकडा ठरवतो. स्वागतसमारंभासाठी घागरा किंवा भरजरी ओढणी हवी असेल, तर ती हल्ली भाड्याने मिळते. दोन तासांसाठी लागणारे वस्त्र विकत घेण्यापेक्षा ते बरे. फक्त अनामत रक्कम आणि डाग पडल्यास काय, हे आधी लिहून घ्यावे.

शेवटी एक विचार. आपल्या विधीत नवरीने गौरीहरापाशी बसताना नेसावयाचे वस्त्र कोणते? मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री. तिला ना भारी जर, ना भरगच्च पदर. ज्या वस्त्राला विधीचा मान आहे ते सगळ्या बस्त्यात सर्वांत साधे असते. 26 मार्च 1942 रोजी अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, आनंदभवनात इंदिरा नेहरूंचा विवाह झाला. त्या वेळी त्या जी गुलाबी साडी नेसल्या होत्या तिचे सूत पंडित नेहरूंनी तुरुंगात कातलेले होते. त्या घराला भारी शालू परवडला नसता असे कोण म्हणेल? परंतु बापाने स्वतः कातलेल्या सुताची बरोबरी कोणत्या जरीला यावी!

आमच्या मुलीचे लग्न वैशाखात झाले. मामाची अष्टपुत्री बदलून ती डाळिंबी साडी नेसून बाहेर आली, तेव्हा दोघीतिघींनी विचारले, "कोणत्या डिझायनरकडची गं?" ती म्हणाली, "आजीकडची." आजी खुर्चीवर बसल्या होत्या. नात वाकून नमस्कार करू लागली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदराचे टोक बोटांत धरून चाचपून पाहिले. भावोजी लांब उभे राहून हे पाहत होते. त्यांची ठेव बँकेत होती तशीच होती.

श्रोतेहो, यंदा आपल्या घरी कार्य असेल, तर यादीतील त्या रेघेच्या जागी आकडा लिहा आणि बाजारात जाण्यापूर्वी एकदा घरातली ट्रंक उघडून पाहा. मुलीला काय घ्यायचे हे विचारण्याआधी तिला काय आवडले आणि का आवडले, हे विचारा. पुष्कळदा तिचे उत्तर आपल्या ऐपतीच्या आतलेच असते.